आपण सोडलेला गॅस

बेळगाव,
20 सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर हसत हसत विचारलंस, "काय रे, आपण पाडलेलं ओझोनचं भोक बुजलं काय?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून विषय टाळला. आज सकाळपासून पाऊस लागलाय, लाइटही गेलीय. निवांत लिहितो.

खडेबाजारातलं दुकान आठवतं? 1989 चा उन्हाळा. फ्रीज आला की सावकारांचा पहिला हुकूम, "आधी गॅस सोड." आपण कॉपरची नळी कापायचो, फुस्स व्हायचं, बोटांना गार लागायचं, संपलं. शे-दीडशे ग्रॅम आर-12, म्हणजे फ्रीज गार करणारा गॅस. वास नाही, विषारी नाही, पेटही घेत नाही. गळती शोधायला तो हॅलाइड टॉर्च होता. आत तापलेला तांब्याचा तुकडा, रबरी नळीचं तोंड जोडाजवळून सावकाश फिरवायचं, आणि गळती सापडली की निळी ज्योत हिरवीगार. तू तर खूश होऊन ओरडायचास. तो हिरवा रंग तांब्याला क्लोरीन भेटल्याचा होता, हे आपल्याला कुठे ठाऊक!

मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी 1974 सालीच सांगितलं होतं की हे गॅस वर जाऊन ओझोन, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा थर, खातील. हे गॅस बंद करायचा मॉन्ट्रियल करार 1987 चा, आपला देश त्यात 1992 ला आला. तोवर आपली कापाकापी जोरात चालू होती.

या गॅसची गंमत अशी की खाली तो कशालाच दाद देत नाही. पावसात विरघळत नाही, मातीत मुरत नाही. हवा स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ओझोन असतो त्या वरच्या थरात, चढते ती मुख्यतः उष्ण कटिबंधातून, म्हणजे आपल्यासारख्यांच्या डोक्यावरूनच. वर पोचायला काही वर्षं लागतात. तिथे कडक अतिनील किरण रेणू फोडतात आणि क्लोरीन मोकळा होतो. एक अणू हजारो ओझोन रेणूंचा फडशा पाडतो, मग कधीतरी हायड्रोजनशी जुळून हायड्रोजन क्लोराइड होऊन गप बसतो. अंटार्क्टिकावर हिवाळ्यात बर्फाचे ढग होतात, त्यांच्यावर तो पुन्हा सुटतो, आणि हिवाळा सरून ऊन परतलं की ओझोन खायला लागतो. म्हणून भोक तिथे, आणि नेमकं या सप्टेंबर-ऑक्टोबरात.

तेव्हा उत्तर असं, की भोकाचा आकार बघत बसू नकोस. 2019 ला ते फारच लहान होतं, लोक आनंदले. पण वरची हवा अचानक तापली म्हणून तसं झालं होतं. पुढच्याच वर्षी ते मोठं झालं आणि बरेच दिवस टिकलंही. खरा हिशेब क्लोरीनचा. माणसाने हात लावण्याआधी हवेच्या 100 कोटी रेणूंमागे क्लोरीनचे अणू एकाहूनही कमी होते. 1990 च्या दशकात ते साडेतीनच्या वर गेले. जमिनीलगतच्या हवेत 2020 ला सव्वातीनच्या आसपास होते, आणि वरची हवा त्याच्यामागे काही वर्षांनी उतरते. एवढा करार, एवढी बंदी, आणि उतार हा असा, मुंगीच्या पावलांचा.

का, तर आर-12 चं आयुष्य साधारण 100 वर्षांचं. 1989 ला तू जो सोडलास त्यातला रुपयामागे सत्तर पैसे अजून हवेतच आहे बघ. मला रात्री हे आठवतं कधीकधी. तुला आठवू नये म्हणून मुद्दाम लिहिलं (चिडू नकोस).

उतारही सरळ नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या डोंगरावरून वरचं हायड्रोजन क्लोराइड वर्षानुवर्षं मोजतात. 2007 नंतर काही वर्षं उत्तर गोलार्धात ते चक्क वाढलं. शोधलं तेव्हा कळलं, नवा गॅस नव्हे, वरच्या हवेचं फिरणं मंदावलं होतं. याउलट 2012 नंतर आर-11, म्हणजे आर-12 चाच भाऊबंद, खरोखरच कुणीतरी चोरून सोडत होतं. खुणा पूर्व चीनकडे निघाल्या, बोभाटा झाला, मग ते आटलं. आणि जुन्या फ्रीजच्या भिंतीतला फोम? त्यातही आर-11 च असायचं. परवा भंगारवाला असा एक फ्रीज घणाने फोडत होता. मी थांबलो, पण त्याला सांगणार काय!

अंदाज असा आहे की ओझोन 1980 च्या पातळीला जगात बहुतेक ठिकाणी 2040 च्या सुमारास येईल, उत्तर ध्रुवावर 2045, अंटार्क्टिकावर 2066. 2040 आपल्याला जमेल की रे, गुडघे साथ देतील तर.

वरचा क्लोरीन शेवटी जातो कुठे, हे वाचून मात्र मी हरखलो. हायड्रोजन क्लोराइड हळूहळू खाली उतरतं आणि पावसात विरघळून धुऊन जातं. खाली ज्या पावसाला तो गॅस दाद देत नव्हता, त्याच्याच पाण्यातून, कणकुंबी-जांबोटीच्या धो-धो सरींतून, कणाकणाने परत येत असेल आपला उद्योग.

दिवाळीला ये, कुंदा आणून ठेवतो. तो टॉर्च अजून माझ्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात गंमत म्हणून 134-ए च्या, म्हणजे आर-12 च्या जागी आलेल्या गॅसच्या, गळतीवर धरून पाहिला. त्यात क्लोरीनच नाही. ज्योत निळीच राहिली.

तुझा,
पक्या