पियानोवरच्या बाईंचे आणि रांगेतल्या मुलाचे आभार
न्यू जर्सीत, मुलांच्या बेसबॉल संघावरील संगीत नाटकाच्या निवडचाचणीत माझ्या 11 वर्षांच्या मुलाचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्याच्या गाण्याचे स्वरलेखन घरीच राहिल्याचे माझ्या लक्षात आले. गायला गाण्याचे जेमतेम 16 बार (स्वरलेखनातले तालाचे छोटे भाग) मिळतात आणि साथीदाराला कागद द्यावाच लागतो, त्यामुळे तो रडवेला झाला. पियानोवरच्या बाईंनी मात्र त्याला जवळ बोलावून हळूच गुणगुणायला सांगितले, दोन पट्ट्या वाजवून पाहिल्या आणि त्याच्या गळ्याला पेलणारी निवडून कागदाविना साथ केली. पुढे चेंडू फेकताना त्याचा हात क्रिकेटच्या गोलंदाजासारखा सरळ फिरला, तेव्हा रांगेतल्या एका मुलाने (तोही त्याच भूमिकेसाठी आला होता) आपला हातमोजा त्याच्या डाव्या हातात चढवून कोपर कसे वाकवायचे ते दाखवले. गडबडीत दोघांचीही नावे विचारायची राहिली. त्यांचे मनापासून आभार.