दादरच्या कॅसेटवाल्या काकांना, वसईहून

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तरी लिहिते. तुमची लेक वाचून दाखवेल, नाहीतर डबा घेऊन येईन तेव्हा मीच वाचेन.

आमच्या घरच्या नाताळाचे फोटो ढिगाने आहेत. गोठ्यासमोर आम्ही भावंडं, पत्र्याच्या डब्यात उगवलेली नाचणी गोठ्यापुढे गवत म्हणून मांडलेली, कामट्यांची चांदणी हातात धरून उभे असलेले बाबा. आई एकाही फोटोत धड नाही. एकात तिचा नुसता कोपर आहे, दारातून आत आलेला. बाकी सगळा नाताळ ती स्टोव्हपाशी. ती गेल्यावर चर्चमध्ये लावायला फोटो शोधताना हे आमच्या लक्षात आलं, आणि मग आठवली ती कॅसेट.

२४ डिसेंबर १९९३. जहाजावरचा मामा सुट्टीवर आला होता, येताना टू-इन-वन टेपरेकॉर्डर घेऊन. त्याने आजीला गायला बसवलं. आजीच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. आपल्या भाषेत यायला दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली, ती १९६२ ते ६५ची. त्यामुळे आजीला लॅटिन ओळी तोंडपाठ, अर्थ एकीचाही ठाऊक नाही, आणि उच्चार असे की पोपने ऐकले असते तर कानांवर हात ठेवले असते. ती रंगात येऊन गातेय, आणि मधेच आतून आई कडाडते की तेल तापलंय, त्या पोरीला आधी इथून उचला! ती पोरगी मी, चार वर्षांची. मागोमाग करंजी तेलात पडल्याचा चर्र आवाज. आजी हसते, ओळ विसरते, भलतंच कडवं सुरू करते. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. आईचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

तुमच्याआधी ती कॅसेट मी एका चकचकीत दुकानात दिली. तिथल्या माणसाने पावतीवर माझं आडनाव लिहिलं आणि लगेच इंग्रजीवर गेला. मी मराठीतच उत्तरं देत राहिले, तर म्हणाला, ‘मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!’ अरे बाबा, घरी कादोडी, ही आमची वसईची बोली, आणि बाहेर मराठी, दुसरं आम्ही बोलतो काय? असो. आठवड्याने पेन ड्राइव्ह मिळाला. आजीचं गाणं अगदी स्वच्छ, रेडिओवर लावावं असं. आईचा आवाज कुठाय, विचारलं, तर म्हणाला, मधे डिस्टर्बन्स होता, काढून टाकला. मग मूळ फाइल द्या म्हटलं, तर ती ठेवली नव्हती. आणि कॅसेट? ती त्यांच्या मशीनने खाल्ली होती. टेपचा शेवयांसारखा गुंता पिशवीत घालून हातात दिला, आणि पैसे पूर्ण घेतले. पुढे आमच्या एका भावाने ‘माझ्या ओळखीचा आहे एक’ म्हणत दोन वर्षं काढली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, नाताळात एकत्र जेवायचं असतं.

तुमच्याकडे आले तेव्हा खरं तर आशा नव्हती. तुम्ही पिशवीत डोकावून एवढंच विचारलंत, ‘ह्यात कोण आहे?’ काय आहे नव्हे, कोण आहे. मी म्हटलं, आजी. आईचं नाव मी घेतलं नाही, मुद्दामच. पुन्हा कोणी डिस्टर्बन्स म्हणेल ही भीती.

गुंता तुम्ही कसा सोडवलात, तुकडे कसे जोडलेत, ते तुम्ही मला सांगितलंत आणि मला त्यातलं काही कळलं नाही. मला आठवतो तो कॅसेटच्या डबीतला कागद. तुम्ही डबी माझ्यासमोर ठेवलीत आणि पंखा बंद केलात, घरघर नको म्हणून. कागदावर मामाच्या अक्षरात ‘नाताळ ९३’, शाई फुटलेली. त्याखाली पेन्सिलने, बारीक, तुमचं अक्षर: ‘१७.४० – आई’.

काका, तुम्हाला कादोडी येत नाही. ती काय ओरडली ते तुम्हाला शब्दाने कळलं नसणार. मी विचारलं, कसं ओळखलंत? तुम्ही म्हणालात, ‘असं ओरडायला दुसरं कोण असतं?’ आणि हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत राहिलात, मला रडायला जरा वेळ मिळावा म्हणून. पेन्सिलने का लिहिलंत, तेही मागाहून कळलं. चुकलं असेल तर मला खोडता यावं म्हणून. मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे.

ठरलेले पैसे तुम्ही मोजून घेतलेत, त्याचंही बरं वाटलं. फुकट दिलं असतंत तर मी उपकाराखाली दबून गेले असते. चांगुलपणा म्हटलं की लोकांना काहीतरी भव्य लागतं, हार-तुरे लागतात. मला तर आता वाटतं, जे आपल्याला कळत नाही ते न कापता ठेवणारी माणसं भेटली तरी पुष्कळ.

यंदा चोवीसला रात्री, मिस्साला निघण्याआधी, आम्ही ती कॅसेट लावली. बाबा १७.४०ची वाट बघत घड्याळ हातात घेऊन बसले होते. आईचा आवाज आला आणि माझी पुतणी, जिने तिच्या या आजीला पाहिलंही नाही, झटकन स्टोव्हपासून मागे सरकली.

आणि हो, मी निघताना तुम्ही विचारलं होतंत, ‘तुम्ही करंजीत काय घालता?’ आणि मला तेव्हा बोलवत नव्हतं. भाजलेला रवा, सुकं खोबरं, खसखस, वेलची. साखर आई जरा जास्तच घालायची. तुम्हाला साखरेचं पथ्य असेल तर आधी कळवा, तुमच्या वेगळ्या करते.

तुमची,
वसईची ‘ती पोरगी’