चौकटीवरची पेन्सिलीची खूण

पुणे,
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझा आवाज चढला. बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" एवढंच म्हणालात आणि मला रात्री झोप लागली नाही. म्हणून लिहिते आहे. फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि मुद्दा राहूनच जातो.

मुद्दा एकच आहे. आईच्या हाडांची तपासणी होईपर्यंत तिच्या पाठीला आणि मानेला कुणालाही झटका देऊ देऊ नका. त्या कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातानं झटका देऊन मणके बसवायच्या, कॅम्पात चोवीस सिटिंगचे पैसे भरलेत, ते बुडाले तर बुडू देत.

गौरी-गणपतीला कोल्हापूरला आले होते तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा आहेत ना, तिथे 2003 सालची एक जोडी आहे. दादा आईपेक्षा उंच झाला म्हणून नाचत होता आणि बाबांनी दोघांच्याही खुणा शेजारी शेजारी केल्या होत्या. गौरीच्या दिवशी आई त्याच चौकटीला टेकून पुरणाचं पातेलं सावरत उभी होती. तिचं डोकं खुणेच्या बरंच खाली होतं. मी काही न बोलता मनात जागा धरून ठेवली आणि रात्री टेप लावला. पावणेदोन इंच. आई, तू म्हणशील वयानं माणूस थोडं वाकतंच. वाकतं, पण इतकी उंची गेली की मणका दबला आहे का, हे बघावंच लागतं.

हाडं ठिसूळ झाली की माणूस न पडताही मणका दबतो. कळशी उचलताना, एखाद्या जोराच्या शिंकेनंसुद्धा. पुढच्या बाजूनं चेपतो, मागून तसाच राहतो, म्हणून पोक येतं. आणि पुष्कळदा बाईला वाटतं उसण भरली. चार दिवस शेक घेते आणि कामाला लागते. श्रावणात गव्हाचा डबा उतरवताना तुला जी उसण भरली होती, ती नक्की उसणच होती का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी कायरोप्रॅक्टिकच्या विरोधात नाही. हे नीट ऐका, कारण बाबांना वाटतं मी शिकून शहाणी झाले म्हणून सगळ्याला नाही म्हणते. दोन वर्षांपूर्वी कंप्युटरपुढे बसून बसून माझी कंबर धरली होती, तेव्हा मीही इथं एका कायरोप्रॅक्टरकडे गेले आणि मला आराम पडला. साध्या कंबरदुखीत हातानं केलेल्या उपचाराचा गुण येतो, साधारण चांगल्या व्यायामाइतकाच येतो. पण त्या बाईंनी हात लावायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कधी हाड मोडलंय का, घरात कुणाची हाडं ठिसूळ आहेत का, स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यात का, पायात मुंग्या येतात का. गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं. तुमच्या कॅम्पातल्या माणसानं आईला वयसुद्धा विचारलं नाही. पाठीवरून एक यंत्र फिरवलं, स्क्रीनवर लाल ठिपके दाखवले आणि "तीन मणके सरकलेत" म्हणून सांगितलं. मला राग त्याचा आहे.

ही विद्या अमेरिकेत 1895 साली डॅव्हनपोर्ट नावाच्या गावात डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणका जागचा हलला की मज्जातंतू दबतो आणि त्यातून आजार होतात, अशी त्यांची समजूत होती. आज त्या विद्येतलेच पुष्कळ लोक ती जशीच्या तशी मानत नाहीत. बाबा, तुम्ही "कडकन आवाज आला, मणका बसला" म्हणालात. तो आवाज सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा तयार होतो त्याचा असतो, आपण बोटं मोडतो तसाच. बरं वाटतं हे खरं. आखडलेला स्नायू थोडा वेळ सैल पडतो. पण निरोगी पाठीतला मणका असा हातानं आत-बाहेर होत नाही, आणि ठिसूळ झालेला मणका त्या झटक्यानं मोडू शकतो. मानेला पीळ देतात त्याची भीती आणखी वेगळी आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघाताचा झटका येतो. क्वचितच, पण येतो.

तुम्हीच सांगायचात, लहानपणी आजोबा तुम्हाला खांदा उतरल्यावर गंगावेशीत तालमीतल्या वस्तादांकडे घेऊन गेले होते. वस्तादांनी अंगठ्यानं बराच वेळ दाबून बघितलं आणि म्हणाले, हाड कचकलंय, मी हात लावणार नाही, सीपीआर इस्पितळात न्या. मला ती गोष्ट फार आवडते. हात कुठे लावायचा नाही हे ज्याला कळतं, त्याच्याकडेच मी आईला सोडीन.

आता गोळ्या. स्वयंपाकघरातल्या कप्प्याचा दादानं फोटो पाठवला तो बघून मी हादरले. आई, ते साठ हजार युनिटचं डी जीवनसत्त्वाचं पाकीट डॉक्टरांनी आठ आठवडे, आठवड्याला एक, असं दिलं होतं. तू गेल्या वर्षीपासून घेते आहेस, आणि कॅम्पातल्या पावडरमध्ये तेच पुन्हा आहे, कॅल्शियमच्या गोळीतही आहे. डी जीवनसत्त्व अंगात साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग तहान लागते, पोट साफ होत नाही, मळमळतं, मूत्रपिंडावर ताण येतो. बद्धकोष्ठाची तुझी तक्रार याच काळातली आहे. ती त्यामुळेच आहे असं मी म्हणत नाही, पण रक्त तपासून कळेल. तोवर पाकीट आणि पावडर दोन्ही थांबव.

दुसरं, तू सकाळी चहाबरोबर थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेतेस. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अंगात शिरू देत नाही. दोन्हींत चार तास तरी जायला हवेत. थायरॉइडची उठल्याबरोबर, नुसत्या पाण्यानं. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. एवढं उद्यापासूनच कर.

दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, त्यातलं बरंचसं ताटातून मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण मिळतं, ते आणून तापवून दोघांनी एकेक पेला घेतलात तर कुठल्याही डब्याची पावडर त्यापुढे फिकी आहे. बाबा, पांढऱ्या रश्श्यात हाडांचं सत्त्व उतरतं असं तुम्ही म्हणता, पण रश्श्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं. रस्सा चवीसाठी खा, त्याबरोबरचं मटणही खा, प्रथिनं हाडांना हवीच असतात.

बाबा, तुमच्या पायाच्या मुंग्यांना तो माणूस "नस दबली" म्हणाला. तुम्ही किती वर्षं साखरेची मेटफॉर्मिन घेता आहात? त्या गोळीनं बी-12 कमी होऊ शकतं, आणि त्यानंही मुंग्या येतात. साखरेनंही येतात. एक रक्ताची तपासणी आहे, ती आधी करू.

आणि तुमची बैठक. गुजरीतल्या त्या सोनारकामाच्या गादीवर मी तुम्हाला जन्मभर एकाच आकारात पाहिलं आहे. डावा गुडघा वर, हनुवटी छातीला, फुकणी ओठांत, डोळे साजाच्या पानावर. ताठ बसा म्हणून सांगणार नाही, ताठ बसून पान घडत नाही. ऐरणीखाली वीतभर उंच पाट घ्या आणि दिवा जवळ आणा, म्हणजे मान आपोआप थोडी वर येईल. पाठीला न हलण्याचाही त्रास होतो. साजाला एकवीस पानं. एक पान घासून झालं की उठा, दाराशी जाऊन या, खांदे फिरवा, मग दुसरं धरा. कामाची घडी मोडते म्हणाल, मला माहीत आहे. तरी करा.

एक गोष्ट मात्र दोघांनी पाठ करा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाय एकदम लुळा पडू लागला, तर शेक नाही, बाम नाही, माझ्या फोनची वाट नाही. रिक्षा करून थेट दवाखाना.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी आणि पाठीचा एक्स-रे, दोन्हींची चौकशी दादा करून ठेवतो आहे. डेक्सात नुसतं झोपायचं असतं, सुई नाही, दुखत नाही. गोळ्यांची सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा, एका पिशवीत घालून ठेवा, डॉक्टरांना दाखवायची आहेत. हाडं ठिसूळ निघाली तर त्याला चांगली औषधं आहेत. मग कुठला व्यायाम करायचा आणि पुढे किती वाकायचं, ते फिजिओथेरपिस्टला विचारू. रंकाळ्याची सकाळची फेरी चालू ठेवायला काहीच हरकत नाही.

आई, गव्हाचा डबा मी आल्यावर उतरवते. तोवर स्टुलावर चढू नकोस.

तुमची,
मनू