गुरुजी, कागदात होतं तेवढंच तुम्ही वाचलंत

आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि.

आमचा मोडी कागद वाचून दिल्याबद्दल शाल-श्रीफळ घेणार नाही, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. पाकिटाचा विषय काढल्यावर तर फोनच ठेवलात. मग राहिलं काय, तर हे जाहीर पत्र. त्यात तुमचं नाव घालायचं नाही ही अट पाळली आहे. दारात आधीच गर्दी कमी नाही, हे मी पाहिलंय. २०२३ मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पणजोबाच्या नावापुढं ‘कुणबी’ लिहिलंय का, एवढंच प्रत्येकाला हवं होतं. त्या रांगेत मी उभा राहिलो ते बिनफायद्याचं काम घेऊन.

आमच्या खापरपणजोबांना घरात ‘सुभेदार’ म्हणतात. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या वाड्याचं नावही सुभेदार वाडा. सत्तावन्नच्या बंडात ते होते, पागेपाशी त्यांचं घोडं पडलं आणि इंग्रजांनी त्यांची जमीन काढून घेतली, ही गोष्ट आम्ही दूधभाताबरोबर ऐकली. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, गावाच्या वेशीवर कमान उभी करायचं ठरवलं होतं. वर ‘क्रांतिवीर’ असं लिहायचं. त्याला काहीतरी पुरावा लागतो म्हणून माळ्यावरच्या ट्रंकेतला मोडी कागद घेऊन आम्ही तुमच्याकडं आलो.

कागद उघडायच्या आधीच तुम्ही विचारलंत, “पायदळात होते की घोड्यावर?” तात्या म्हणाले, घोड्यावर, रिकिबी अजून सोप्यात टांगलेल्या आहेत. “मग सुभेदार कसले? तो हुद्दा पायदळातला. घोडेस्वारांच्या रिसाल्यांत दफेदार असतो, जमादार असतो, रिसालदार असतो.” आणि लगेच पुढचं, “कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला उठली ती २७ वी पलटण. ती पायदळाची. घोडेस्वार आले ते नंतर, साताऱ्याहून. ते कशाला आले होते, माहीत आहे ना?”

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. खरं तर तेव्हाच सगळं कळलं होतं. पण तुम्ही पुढं काही बोलला नाहीत. “आधी कागद बघू,” म्हणालात.

तो कागद तुम्ही ज्या रीतीनं वाचलात, ते इथं लिहून ठेवतो. घरोघरी असे कागद पडलेत आणि लोक मोबाइलवर फोटो काढून ‘अर्जंट वाचून द्या’ म्हणून पाठवतात. तुम्ही तो आधी खिडकीशी उजेडात धरलात, घडीवर कसरीनं खाल्लेली भोकं कुठं आहेत ते पाहिलंत आणि शेजारी कोऱ्या कागदावर ओळींचे आकडे घातलेत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. तुम्ही एकेक ओळ मनात वाचायचात, बोटानं हवेत गिरवायचात, मग मोठ्यानं म्हणायचात. अडलं तर तिथं फुली मारून पुढं जायचात. अंदाज सांगायला तात्या टपलेले होते, पण फुलीच्या जागी तुम्ही शेवटपर्यंत एकही शब्द उसना भरू दिला नाहीत.

तारखेशी आलो तेव्हा कागदावर होतं ‘सलास सितैन मयातैन व अलफ’. तीन, साठ, दोनशे आणि हजार, म्हणजे मोडी कागदांतल्या जुन्या कालगणनेचं, शुहूर सन १२६३. त्यात ५९९ मिळवायचे, वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. म्हणजे कागद १८६२-६३ चा. बंड मोडून पाच वर्षं झाल्यावर लिहिलेला अर्ज. त्यात खापरपणजोबांनी स्वतःला बारगीर म्हणवलंय. सुभेदार नाही, दफेदारसुद्धा नाही. घोडं सिलेदाराचं, म्हणजे स्वतःची घोडी बाळगणाऱ्याचं, बसणारा हा. आणि चाकरी कुणाची, तर ‘सरकारची’. तात्या म्हणाले, सरकार म्हणजे छत्रपतींचं सरकार असेल. तुम्ही वरच्या ओळीवर बोट ठेवलंत. “त्यांना इथं दरबार म्हटलंय. हे सरकार वेगळं.” दोन ओळी खाली ‘कर साहेब’ अशी अक्षरं आली आणि तात्यांचा शेवटचा आधारही गेला.

हे कर साहेब म्हणजे लेफ्टनंट विल्यम केर, सदर्न मराठा इररेग्युलर हॉर्स या इंग्रजांच्या घोडदळाचे. कोल्हापूरच्या पलटणीनं रामजी शिरसाटांच्या पुढारपणाखाली बंड केल्याची खबर साताऱ्याला गेली, तेव्हा सुमारे ५० सवार घेऊन ते निघाले. भर पावसाळा, नद्यांना पाणी, रस्त्याच्या नावानं चिखल, आणि ७५ मैलांची मजल जेमतेम एका दिवसात मारली. बंडवाल्यांपैकी काहींनी इथल्या पागेत ठाण मांडलं होतं. सवार घोड्यावरून उतरले, पागेचा दरवाजा फोडला आणि आत घुसले. आतल्यांनी शेवटपर्यंत झुंज दिली. केरना त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याबरोबर घुसलेल्या देशी सवारांना तो मिळायची सोयच नव्हती, हिंदी शिपायांना तो पदक-मान खुला झाला १९११ मध्ये. गंमत म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसच्या यादीत या कामगिरीची तारीख १० जुलै १८५७ आहे, पलटण उठायच्या तीन आठवडे आधीची. मी ते दाखवल्यावर तुम्ही हसलात. “इंग्रजीत छापलंय म्हणून खरं असतं असं थोडंच आहे,” म्हणालात. जे लोक मोडी कागदावर विश्वास ठेवत नाहीत आणि गॅझेटवर डोळे मिटून ठेवतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

घोडं पडल्याची घरातली गोष्ट मात्र खरी निघाली. फक्त पागेपाशी गोळी लागून नाही. साताऱ्याच्या त्या दौडीत ते छाती भरून मेलं. घोडं गेलं तशी बारगिराची चाकरी गेली. अर्जात मागणं एवढंच आहे की दुसरं घोडं तरी द्यावं, नाहीतर पोटापुरती जमीन. पराक्रमाबद्दल एक अक्षर नाही.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझा पुतण्या पटकन बोलून गेला, “म्हणजे गद्दारच की!” त्याला घेऊन मी परत तुमच्याकडं आलो, ते बरं झालं. तुम्ही त्याला रागावला नाहीत, खापरपणजोबांची वकिलीही केली नाहीत. आधी १८४४ मध्ये नेलंत. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, इथल्या गड राखणाऱ्या गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींच्या कारभाराला हात घातला तेव्हा ते उठले, इंग्रजांनी गड घेतले आणि तटबंद्या पाडल्या. तलवारीवर जगणाऱ्या घरांना त्यानंतर काय उरलं? काहीजण कंपनीच्याच फौजेत गेले. मग तुम्ही त्याला राजवाड्यात नेलंत. थोरले बाबासाहेब महाराज इंग्रजांच्या बाजूला राहिले आणि त्यांना पुढं दत्तकाची सनद मिळाली. धाकट्या चिमासाहेबांवर बंडाला फूस दिल्याचा ठपका आला, त्यांना १८५८ मध्ये कराचीला नेऊन ठेवलं, आणि १८६९ मध्ये तिथंच ते वारले. दोघे भाऊ, एकच वाडा. “त्या वर्षी कोल्हापुरात कोण कुठल्या बाजूला होता, हे आडनावावरून सांगता येत नाही,” हे तुमचं वाक्य पुतण्यानं वहीत उतरवून घेतलंय.

तरीही गुरुजी, इथं थोडं माझं. ‘पोटासाठी केलं’ एवढ्यावर मला गप्प बसवत नाही. पागेच्या आत होते तेही पोटासाठीच पलटणीत गेलेले, आपलीच भाषा बोलणारे. धरल्या गेलेल्यांपैकी काहींना पुढं तोफेच्या तोंडी दिलं. खापरपणजोबांनी ते पाहिलं असेल. अर्जात त्याबद्दल काही नाही, आणि अर्जात ते असणारही नाही. चिमासाहेब चौकातून रोज जातो, सिग्नलला थांबतो, पुतळ्याकडं बघायला आता थोडं जड जातं. तुम्ही म्हणाल, जाऊ दे. ते होत नाही, आणि मला ते व्हायलाही नको आहे.

बाकीचं तुमच्या सांगण्यावरून झालं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, आजोबांच्या वडिलांची नोंद मिळाली. त्याच्या मागची साखळी वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याच्या पोथीत होती. सुगीनंतर मोटारसायकलवरून येणारा आमचा हेळवी धान्य घेता घेता सात पिढ्या न अडखळता म्हणतो, हे आम्ही लहानपणापासून बघतोय, पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पुरालेखागारात काय मागायचं याची तुम्ही दिलेली चिठ्ठी घेऊन गेलो. कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडले. अर्जांच्या नोंदीत आमचा अर्ज सापडला. पुढं शेरा एका शब्दाचा, ‘दाखल’. ना घोडं, ना जमीन. इंग्रजांनी काढून घ्यायला मुळात जमीन कधी मिळालीच नव्हती.

तात्या काही दिवस तुमच्यावर घुश्श्यात होते, हे तुम्हालाही माहीत आहे. कमानीचा विषय त्यांनी आपणहून सोडला. परवा मात्र सोप्यात बसून पाहुण्यांना साताऱ्याची दौड सांगत होते, नद्यांच्या पाण्यासकट, आणि शेवटी “बारगीर होते आमचे, दुसऱ्याच्या घोड्यावर,” असंही म्हणाले. वाड्याला गावात अजून सुभेदार वाडाच म्हणतात. म्हणोत.

तुम्ही केलेल्या लिप्यंतराच्या प्रती तिन्ही घरांत दिल्या आहेत, फुल्यांसकट. मूळ कागद तुम्ही सांगितलात तसा प्लास्टिकमधून काढून सुती कापडात ठेवलाय. ट्रंकेत तळाशी आणखी एक निघालाय, त्यावर दोन भावांची नावं आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या एवढंच मला लागतंय. भाऊबंदकीचा दिसतोय. येत्या रविवारी घेऊन येतो. आईनं घरचा गूळ बांधून ठेवलाय. ते पाकीट नव्हे, तेव्हा परत पाठवू नये.

आपला,
पन्हाळा तालुक्यातल्या एका बारगिराचा वंशज