द्रासला आमचे मोबाईल मागून घेणाऱ्या स्वयंसेवकांना

प्रिय स्वयंसेवक मित्रमैत्रिणींनो,

कारगिल विजय दिवसाला लडाखमधल्या द्रासच्या युद्धस्मारकावर आलेल्या वीरकुटुंबांची परमवीरचक्रविजेत्यांशी तुम्ही भेट घडवून आणलीत. त्याचे आभार मानायला हे जाहीर पत्र. नावं छापू नका, असं तुम्हीच बजावलंत, म्हणून छापत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी काय चालायचं, तेही एकदा बोलायलाच हवं. सहलीच्या आयोजकांनी पत्रकात ‘परमवीरांची प्रत्यक्ष भेट’ ठळक अक्षरांत छापायची, तिचे वेगळे पैसे लावायचे, आणि तिथे पोचल्यावर सत्तरी ओलांडलेल्या वीरमाता-वीरपित्यांना दोरीच्या अलीकडे उन्हात ताटकळत ठेवायचं. श्रीनगर साधारण 5,200 फुटांवर, द्रास 10,800 फुटांवर. सकाळी श्रीनगर सोडायचं, झोजिला खिंड ओलांडून त्याच दिवशी द्रास गाठायचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं डोकं ठणकणार, धाप लागणार, जेवण जाणार नाही. वर ‘फोन करतो, इथेच थांबा’ असं सांगून आयोजक गायब. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं, एवढी साधी गोष्ट ज्यांनी निघण्याआधी सांगितली नाही, त्यांच्या फोनची वाट पाहत माणसं बसून राहायची. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. स्मारकावरच्या पोराच्या नावापर्यंत येऊन कुणी विचारलं नाही, याचं होतं.

तुम्ही मात्र सगळं माणसाच्या बाजूने पाहिलंत. सोनमर्गला एक मुक्काम, दुसरा द्रासला, आणि पोचल्या दिवशी फक्त आराम. फोनवर भरवसा न ठेवता जागा आणि वेळ आधीच ठरवून कागदावर लिहून दिलीत. मूळ आधार कार्ड गळ्यातल्या पाकिटात, पिशव्या गाडीत. फाटकापासून शहिदांच्या नावांच्या भिंतीपर्यंतचा विजयपथ सरळ असला, तरी त्या उंचीवर गुडघे आणि छाती दोन्ही बोलायला लागतात. म्हणून वाटेत घडीच्या खुर्च्या आणि थर्मासमध्ये कोमट पाणी. ‘घाई नाही, मावशी’ हे वाक्य तर किती वेळा ऐकू आलं!

प्रत्येक कुटुंबाची एक चिठ्ठी तुम्ही आदल्या रात्रीच करून ठेवली होती. शहीद जवानाचं नाव, पलटण, कुठल्या साली आणि कुठे, हिंदीत, ठसठशीत अक्षरांत. ती परमवीरांच्या हाती आधी पोचायची. त्यामुळे आईला गळा दाटलेला असताना पहिल्यापासून सांगत बसावं लागत नव्हतं. परमवीरच तिच्या मुलाचं नाव घेऊन बोलायला सुरुवात करायचे. हिंदी न येणाऱ्यांच्या खांद्यामागे मराठी जाणणारं एक माणूस उभं असायचं, अडलं तरच बोलणारं.

पण सगळ्यांच्या मनात राहिलं आहे ते वेगळंच. रांगेतून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यातली ती मुलगी हात पुढे करून म्हणायची, ‘आई, मोबाईल माझ्याकडे द्या. फोटो मी काढते, तुम्ही साहेबांशी बोला.’ मोबाईल घेतला की त्याला नाव लिहिलेली कागदी पट्टी चिकटवायची. तोलोलिंगचा डोंगर मागे येईल असं उभं राहून, फोन आडवा धरून तीन-चार फोटो, मग फोन खाली. नंतर फोटोत डोळे मिटलेले नाहीत ना, हे पाहूनच पुढच्या कुटुंबाला बोलावायचं. एरवी अशी भेट सेल्फीतच संपते. एक हात वर, मान तिरपी, नजर पडद्यावर, आणि शेजारी उभ्या माणसाकडे पाहायचं राहूनच जातं. इथे दोन्ही हात मोकळे होते. साताऱ्याकडच्या एका वीरमातेने त्या दोन्ही हातांनी परमवीरांचा चेहरा कुरवाळला आणि कानशिलांवर बोटं मोडली. त्या बाईंनी एवढ्या वर्षांत मुलाच्या पलटणीतल्या कुणाला असं जवळ घेतलं नव्हतं. मोबाईल हातात असता, तर हे घडलंच नसतं.

ज्या डोंगरांवर 1999 च्या जून-जुलैत तोलोलिंग आणि टायगर हिल एकेक खडक लढून परत घेतले गेले, त्यांच्या पायथ्याशी आलेल्या माणसांना मान द्यायला पैसा लागत नाही. घडीच्या खुर्च्या, चिठ्ठ्या आणि हात पुढे करायची माणुसकी लागते. आपल्याकडे सत्काराला शाली आणि नारळ कधी कमी पडत नाहीत, पण म्हातारीला बसायला खुर्ची कुणी पाहत नाही. तुम्ही पाहिलीत. मनापासून आभार, अगदी मनापासून.

पुढच्या जुलैला हिंदी-मराठी दोन्ही बोलणारी चार माणसं आमच्याकडून धरा. थर्मास आणि खुर्च्याही आम्ही श्रीनगरपर्यंत पोचवू. यंदा दुपारच्या वाऱ्यात चिठ्ठ्या उडत होत्या, तेव्हा जाड पुठ्ठ्याची कार्डं करून आणतो. आणि त्या मुलीला आठवणीने सांगा, साताऱ्याच्या आईंनी तिला घरी जेवायला बोलावलंय.

तुमचे ऋणी,
वीरकुटुंबांसोबत आलेली मंडळी