काना दोनदा का उमटत होता

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. माझ्या मजकुरात 'माझा'चं 'मााझाा' का होतंय, असं मागच्या पत्रात विचारलं होतंस. कारण सापडलं, आणि कीबोर्ड मी स्वतः उघडून दुरुस्त केला. आयुष्यात पहिल्यांदा!

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मी वापरतो त्या मराठी कीबोर्ड-मांडणीत, काना इंग्रजी 'ई'च्या कळीवर येतो, आणि नेमकी तीच बिघडली होती. एकदा दाबली की कधी दोन काने, कधी एकही नाही. मराठी लिहिणाऱ्याचं काना नसला की किती अडतं, हे तुला सांगायला नको. कीबोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिला, तिथेही तेच.

केबल काढली, कळींचा फोटो घेतला आणि टोप्या उपसल्या. खालचे सगळे स्क्रू काढले तरी झाकण मधोमध हलेना. जोर लावणार होतो, पण मागच्या स्टिकरवर बोट फिरवलं तर एका जागी खळगा लागला. त्याच्याखाली शेवटचा स्क्रू होता. तुझा कधी उघडलास तर आधी स्टिकर चाचप.

आतला बोर्ड मी बराच वेळ नुसता बघत बसलो. कळी ८७, पण चिपकडे ८७ तारा जात नाहीत. आडव्या ओळी आणि उभे रकाने यांची जाळी असते. चिप सेकंदाला शेकडो वेळा ती जाळी तपासते आणि कुठली ओळ कुठल्या रकान्याला जोडली गेली ते पाहते. प्रत्येक स्विचशेजारी तांदळाच्या दाण्याहून बारीक डायोड असतो, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. तो नसता, तर तीन कळी एकत्र दाबल्यावर न दाबलेली चौथीही उमटली असती. इतकी वर्षं यावर बोटं आपटली आणि हे ठाऊकच नव्हतं!

केबल पुन्हा लावून चिमट्याने 'ई'च्या स्विचचे दोन्ही पाय जोडले. काना उमटला. दहाही वेळा उमटला. म्हणजे बोर्ड ठीक, दोष स्विचचा. केबल परत काढली.

खरा कस स्विचच्या पायांचे डाग, म्हणजे सोल्डर हा धातू वितळवून केलेले जोड, काढताना लागला. जुनं सोल्डर वितळेना. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, शिसं-कथलाचं १८३ ला. म्हणून काढायच्या डागावर आधी नवं, शिसं-कथलाचं सोल्डर घालायचं. दोन्ही मिसळली की जुनं लवकर सुटतं. पहिला पाय वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने एका ओढीत मोकळा झाला. दुसऱ्यावर मात्र मी तापलेलं सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवून ठेवलं, आणि स्विच ओढताना पायाभोवतीची तांब्याची चकती बोर्डापासून सुटून आली. पोटात गोळाच आला. चूक माझी होती, घाईची.

मग टॉर्च धरून त्या पायाचा माग काढला. तांब्याची रेघ दोन बोटांवरच्या डायोडपर्यंत जात होती. दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या मल्टिमीटरने खात्री केली, नवा स्विच बसवला आणि त्याच्या पायापासून डायोडपर्यंत केसासारखी बारीक इन्सुलेटेड तार जोडली. तार वाकडी दिसते, पण डाग चकचकीत आणि पक्का आहे. त्याचा मला खरंच अभिमान वाटतो.

जुना स्विच मी उघडलाच. आत धातूची पातळ पट्टी असते. कळ वर असताना दांड्याचा उतार तिला दूर ठेवतो, आणि साधारण २ मिलिमीटर खाली गेल्यावर ती समोरच्या टोकाला भिडते. भिडताना ती किंचित थरथरते, म्हणून कीबोर्डातला प्रोग्राम पहिले काही मिलिसेकंद सोडून देतो. माझ्या पट्टीच्या टोकाला लोकरीचा एक तंतू चिकटला होता. भिंगाशिवाय दिसलाही नसता. त्यामुळे थरथर लांबायची आणि चिपला एकाच दाबाचे दोन दाब वाटायचे. तंतू जास्तच आडवा आला की पट्टी भिडायचीच नाही.

सगळं बंद करून पहिला शब्द टाइप केला: 'काका'. दोनच काने आले. मग पानभर 'काका' लिहीत बसलो.

तुझ्या जुन्या कीबोर्डाची एंटर कळ अडकते म्हणालास ना? तो टाकून देऊ नकोस. पुढच्या वेळी येताना घेऊन ये, आपण दोघं मिळून उघडू.

तुझाच,
जिवलग मित्र