लेजर, ठेवीची पावती आणि तुझा अभ्यासक्रम

कराड

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मी ना धड कॉम्प्युटरची, ना धड कॉमर्सची," आणि मग बराच वेळ काही बोलली नाहीस. अभियांत्रिकीचा प्रवेश हुकल्याचे दुःख मला कळते. पण बीबीए (सीए), म्हणजे व्यवस्थापनासोबत कॉम्प्युटर अॅप्लिकेशन शिकवणारी तुझी पदवी, ही प्रवेश हुकलेल्यांची सोय आहे, असे जे तू मनाशी धरले आहेस, ते मला मान्य नाही. आणि त्याचे कारण मी बँकेत ३१ वर्षे जे पाहिले, त्यात आहे.

आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा मी बचत खात्याच्या काउंटरवर होते. तोपर्यंत प्रत्येक खात्याला लेजरचे एक पान असे. ठेवींचे रजिस्टर वेगळे, कर्जाचे वेगळे. एकच गृहस्थ बचत खात्यात 'दत्तात्रय', ठेवीच्या रजिस्टरात 'दत्तू' आणि भावाच्या कर्जाला जामीन म्हणून नुसते 'द. बा.' असे लिहिलेले असले, तरी आमचे काही अडत नसे, कारण माणूस ओळखीचा होता. प्रणाली बसवायला आलेल्या मुलांनी आमचे छापील फॉर्म मागून घेतले, लेजरचे रकाने जसेच्या तसे पडद्यावर उतरवले आणि नोंदी चढवायला सुरुवात केली. काउंटरवर तासभर बसून काम कसे चालते ते त्यांच्यापैकी कोणीही पाहिले नाही.

वर्षभराने त्या गृहस्थांच्या पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. ठेवी तीन आहेत, असे त्या म्हणत होत्या. पडद्यावर दोनच दिसत होत्या आणि तिसरीची पावती त्यांना घरात सापडत नव्हती. "संगणकात नाही म्हणजे नाही," असे सांगून मी त्यांना परत पाठवले. रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्ड रूममधली जुनी रजिस्टरे काढून बसले, तेव्हा दोन दिवसांनी 'दत्तू' सापडला. वीस हजारांची ठेव होती. पैसे त्यांना मिळाले. पण त्या माउलीने तीन दिवस स्वतःच्या आठवणीवर शंका घेत काढले, हे मी अजून विसरलेले नाही.

आता तुझ्या विषयाकडे येते. त्या प्रोग्रामच्या आकडेमोडीत चूक नव्हती. व्याज पैशापर्यंत बरोबर निघत होते. चूक अशी होती की प्रणालीत खाते होते, पण खातेदार नव्हता. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची आणि ते तक्ते परस्परांशी जोडण्याची जी पद्धत मांडली, तिच्यावरच आजच्या बहुतेक डेटाबेसची, म्हणजे माहितीच्या साठ्यांची, आणि त्यांना प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेची उभारणी झाली आहे. 'प्रायमरी की' (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) आणि 'नॉर्मलायझेशन' (एकच माहिती पुन्हापुन्हा न लिहिता वेगळ्या तक्त्यांत मांडणे) हे शब्द तुला आज परीक्षेपुरते वाटत असतील. पण खातेदाराचा तक्ता वेगळा हवा, त्याची ओळख एका क्रमांकाने व्हावी आणि त्या क्रमांकाला कितीही खाती जोडता यावीत, एवढे कोणी आधी ठरवले असते, तर त्या बाईंना परत जावे लागले नसते. हे ठरवायला प्रोग्रामिंग यावे लागते आणि बँकही कळावी लागते. तुझ्या वेळापत्रकात सी भाषेशेजारी व्यवस्थापन आणि हिशेब आहेत, ते याचसाठी. तू ज्याला अर्धवट म्हणतेस, त्याच दोन अर्ध्यांच्या सांध्यावर बसणारा माणूस आम्हाला तेव्हा मिळाला नाही.

नोकऱ्यांची चिंता तू करतेस म्हणून लिहिते. ग्राहकाच्या कामाची पद्धत समजून घेऊन ती प्रोग्रामरांना लिहून देणारे बिझनेस अॅनालिस्ट, डेटाबेस सांभाळणारे, कारखान्यांत एसएपीसारखी ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंतचा कारभार एकत्र चालवणारी प्रणाली, बसवणारे, टेस्टिंग करणारे, या सगळ्या वाटा तुला खुल्या आहेत. मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रणालींचे लेखापरीक्षण. त्यासाठीची इसाका या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'सीसा' (माहिती प्रणालींच्या लेखापरीक्षकाची) परीक्षा पदवीनंतर देता येते, मात्र प्रमाणपत्रासाठी साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून त्याची घाई नको. एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर अॅप्लिकेशनमधली पदव्युत्तर पदवी, आता दोनच वर्षांचे आहे. तीन वर्षे मन लावून शिकलीस तर सीईटी देऊन तेही करता येईल. कोड आता यंत्रच लिहील, ही तुझी भीती मी समजू शकते, पण 'दत्तू' आणि 'दत्तात्रय' एकच आहेत का, हे विचारायचे कोणाला तरी सुचावे लागते, आणि ते काउंटरवर बसलेल्यालाच सुचते.

दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. आमच्या बचत गटात १२ बायका आहेत. मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज आणि दंड असे सगळे मी एकाच वहीत लिहिते आणि दर मार्चला ताळा जुळवताना माझी दमछाक होते. त्याचे तक्ते तू मांडून दे. वहीचा फोटो मात्र मी पाठवणार नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला बैठक असते, तिथे येऊन बस, कोण काय बोलते आणि मी काय लिहिते ते पाहा, आणि मग लॅपटॉप उघड.

डब्यातले लाडू मैत्रिणींनाही दे. बाबांनी आठवण सांगितली आहे.

तुझी,
आई